मोहाची फुलं आणि हॉल तिकीट

चैत्र लागला की इथे सुरतेत, आमच्या उधन्याच्या सोसायटीत गच्चीवर पोरांच्या येरझाऱ्या सुरू होतात. हातात पुस्तक, ओठ हलतायत, कुणी हाक मारली की डोळे मिटून नुसता हात वर करतात. मी खाली ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापते. डोळे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, पण कात्री सवयीने चालते. परीक्षा त्यांची आणि घाम मला. सुना हसतात. हसू देत.

यंदा त्यात भर पडली. पर्वत पाटिया भागात साड्यांचं बोचकं पोचवायला धाकट्याच्या स्कूटरवर गेले होते. येताना रस्त्याच्या कडेला मांडव दिसला. जंगलातल्या वस्तूंची विक्री. मध, टोपल्या, नागलीचे पापड, आणि एका टेबलावर प्लास्टिकच्या डब्यांत ओळीने लाडू. चष्मा पर्समधून काढायच्या आधीच नाकाने सांगितलं, मोहाचे. वर छापील कागद, वजन, तारीख, सगळं रीतसर. विकणारी मुलगी म्हणाली, माजी, चाखो ने, म्हणजे आजी, चाखून तर बघा. मी पिशवी उघडली आणि आधी मागे वळून पाहिलं. कुणी बघतंय का. धाकटा म्हणाला, "आई, लाडू घेतेस की कुणाची साखळी ओढतेस?"

त्याला काय सांगणार. तो तेव्हा चौथीत होता.

ज्यांनी मोह पाहिला नाही त्यांना सांगते. झाडावर तेव्हा पान नसतं. उजाडायच्या सुमाराला फुलं गळायला लागतात. फिकट पिवळी, जाड, रसाने तट्ट भरलेली, दिसायला फूल कमी आणि द्राक्ष जास्त. खाली पडलेला पाचोळा आदल्या दिवशीच जाळून जागा साफ करून ठेवायची, म्हणजे काळ्या राखेवर फुलं चमकतात. बोटं चिकट होतात, परकराला वास लागतो, आणि तो वास दोन धुण्यांत जात नाही. माझं माहेर साक्री आणि नवापूरच्या मधलं. माझा थोरला भाऊ नामदेव, आम्ही त्याला नाना म्हणायचो, टपोरं फूल सापडलं की ते टोपलीत न टाकता माझ्या तोंडात टाकायचा. वाळवलेली फुलं वर्षभर पुरायची. तीळ घालून भाजायची, भाकरीच्या पिठात कुटून घालायची, बाळंतिणीला द्यायची, खोकला झाला तर भिजवून चावायला द्यायची.

आणि त्याच फुलांचं दुसरंही काही व्हायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गावाच्या मागे ओहोळाला धूर दिसला की बायका मान खाली घालून पाणी भरायच्या.

माझ्या लग्नात नानाने मला स्टीलचा डबा दिला. त्या वेळी स्टील म्हणजे अप्रूप. धुळ्याहून नाव कोरून आणलं होतं. 'सौ. लीलाबाई हिस भाऊ नामदेव याजकडून.' कोरणाऱ्याने नामदेव एवढं मोठं काढलं की माझं नाव त्याच्यापुढे बारीक दिसायचं. तेव्हा नाना पीत नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना हे खरं वाटत नाही.

वंदना त्याची थोरली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, तशी मी तिची फुई. ती दहा-अकरा वर्षांची असताना एका चैत्रात मी माहेरी गेले होते. भल्या सकाळी आम्ही दोघी फुलं वेचत होतो. ती एकेक फूल फुंकून टोपलीत ठेवत होती, जसं काही देवाला वाहायचं आहे. मध्येच म्हणाली, फुई, हा वास सकाळी इतका चांगला येतो, मग संध्याकाळी पप्पांच्या तोंडाला असा का येतो? मी तिला म्हटलं, उन्ह चढतंय, हात चालव.

पोरगी हुशार निघाली. बारावीला चांगले मार्क पडले आणि ती सुरतेला विद्यापीठात आली. माझ्याकडेच राहिली असती, पण आमची एक खोली, आम्ही सहा माणसं, आणि भिंतीपलीकडे कापड विणायचे लूम. लूम म्हणजे दिवसरात्र खडाखडा, नवीन माणसाला आपला आवाजही ऐकू येत नाही. म्हणून ती मुलींच्या होस्टेलला राहिली आणि पालक म्हणून रजिस्टरात माझं नाव लागलं.

दर रविवारी मी तिला भेटायला जायची. दारात भेटायला येणाऱ्यांसाठी बाक होता, आणि बाकासमोर नियमांची मोठी पाटी. माझी शाळा तिसरीत सुटलेली. मराठी मी घरी येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, आणि गुजराती शिकले त्या पाटीवरून. वंदना खाली येईपर्यंत एकेक अक्षर जुळवत बसायची. बाहेर जायची वेळ, यायची वेळ, पुरुषांना कुठवर प्रवेश. चौथा नियम नशेच्या वस्तूंचा होता. सापडल्यास होस्टेलमधून काढण्यात येईल आणि परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. तो नियम मला पाठ होता. हसूही यायचं. गुजरातेत मुळात दारूबंदी, वर पुन्हा मुलींच्या होस्टेलला वेगळी पाटी. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला पोटल्या उघड मिळायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली दारू, म्हणून पोटली. घेणारे, विकणारे, बघणारे, सगळे एकमेकांना नावाने ओळखायचे. प्लेग येऊन गेल्याला तेव्हा दोन उन्हाळे झाले होते. सुरत अशी झाडून-पुसून काढली होती की रस्त्यावर थुंकायला माणूस बिचकायचा. पोटल्या मात्र कुणी झाडल्या नाहीत.

त्या चैत्रात वंदनाचं शेवटचं वर्ष. परीक्षा सुरू झालेली आणि तिला खोकला. कोरडा, मोडत नसलेला. वहिनीने नवापूरच्या गाडीने येणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर वाळवलेल्या मोहाची पिशवी पाठवली. हद्दीवर गाडी तपासली होती म्हणे, बाटल्या शोधत होते. फुलांकडे कुणी पाहिलं नाही. मी ती फुलं निवडली, नानाच्या डब्यात भरली आणि रविवारी पाटीसमोरच्या त्याच बाकावर वंदनाच्या हातात दिली. म्हटलं, रात्री पाण्यात भिजत घाल, सकाळी चावून खा.

झाकण लावू नकोस, एवढं सांगायचं राहिलं.

गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. भिजलेला मोह झाकून ठेवायचा नसतो. ठेवला तर एवढ्या उन्हात दोन दिवसांत त्याचं काय होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वंदनालाही ठाऊक असणार. पण पोरीने गुरुवारी एक पेपर दिला, पुढच्या पेपराचं पुस्तक उघडलं आणि खाटेखालचा डबा विसरली.

शनिवारी दुपारी समोरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. लीलाबेन, होस्टेलमधून फोन आहे. मी तशीच गेले, पदराला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. पलीकडून बाईचा आवाज, ताबडतोब या. मी विचारलं, पोरगी बरी आहे ना? ती म्हणाली, पोरगी बरी आहे, तुम्ही या. बरी आहे आणि तरी ताबडतोब या, याचा अर्थ काय लावायचा? रिक्षात माझं नको नको ते सगळं मनात आणून झालं. दारू तेवढी आली नाही मनात.

होस्टेल सांभाळणाऱ्या रेक्टरबेनच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता. रेक्टरबेन खुर्चीत, तिच्या बाजूला जाड चष्म्याचे एक साहेब, कॉलेजचे कुणी. कोपऱ्यात झाडूवाली रमीला उभी, व्यारा बाजूची, मोहाच्याच मुलखातली. आणि वंदना भिंतीला टेकून, ओढणीचं टोक मुठीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मधोमध नानाचा डबा. झाकण उघडं. वर फेस आलेला. वास असा की मी दारातच थांबले. आमच्या गावचा ओहोळ त्या ऑफिसात आला होता.

झालं होतं ते असं. सकाळी झाकण आपोआप उडालं. आवाज झाला, खोलीतली दुसरी मुलगी घाबरली, वास व्हरांड्यात गेला. रमीलाने डबा पाहिला आणि सरळपणे बोलून गेली की बेन, आ तो महुडां, ही तर मोहाची फुलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्याकडेही खातात. पण साहेबांनी तो शब्द पकडला. ते मला म्हणाले, पेपरात वाचता ना, अमुक ठिकाणी वॉश पकडला? हा तोच. दारू गाळायच्या आधीचा माल. आणि वॉश होण्याच्या आधीचीही गोष्ट सांगतो, या राज्यात ही फुलंसुद्धा मनाला येईल तशी आणता-ठेवता येत नाहीत. कायद्यात त्यांचं नाव घालून लिहिलेलं आहे.

फुलाचं नाव कायद्यात. मला ते खोटंच वाटलं. मी रमीलाकडे पाहिलं, तिने मान हलवली, म्हणजे खरं होतं.

मी म्हटलं, साहेब, डबा माझा, फुलं मी दिली, भिजत घालायला मी सांगितलं. खोकल्याचं औषध आहे. साहेब म्हणाले, हे औषध पोलिसांना सांगून बघा. मला राग आला की माझा हात आधी चालतो. मी डब्यात बोटं घालून दोन फुलं उचलली, की खाऊन दाखवते. रेक्टरबेनने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बेन, आता हे खाल्लंत तर तुमच्या तोंडालाही वास येईल. मग मी काय लिहू?" तिच्या बोलण्यात चिडवणं होतं की काळजी, ते त्या वेळी कळलं नाही. मी फुलं परत टाकली. बोटं पदराला पुसली आणि पदरालाही तो वास लागला.

रेक्टरबेनच्या खणात वंदनाचं हॉल तिकीट होतं. खण अर्धा उघडा होता, मला फोटोचा कोपरा दिसत होता. सोमवारी पेपर. त्याच्यामागे आणखी दोन. तिकीट नाही तर पेपर नाही, पेपर नाही तर वर्ष नाही. आणि नाना काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. झालं शिक्षण, आता उजवून टाका. मुलगा बघून ठेवलेलाच होता, नानाच्याच पिण्याच्या बैठकीतला.

साहेबांनी बराच वेळ कागद चाळून एक वाट सांगितली. वडिलांनी स्वतः येऊन हमीपत्रावर सही करावी, तर प्रकरण होस्टेलातच ठेवू. पोलिसांकडे जाणार नाही. सोमवारी सकाळी दहाच्या आत.

वंदना पहिल्यांदा बोलली. म्हणाली, पप्पा आजारी आहेत.

काय आजार, साहेबांनी विचारलं. तिने सांगितलं, ताप. मग काकांना पाठवा. काका नाहीत. मग डॉक्टरची चिठ्ठी आणा. पोरीने ओढणीचं टोक आणखी आवळलं. पंखा कुरकुरतोय. साहेब म्हणाले, वडील दीड दिवसात येऊ शकत नाहीत, तार केली तरी नाहीत, मग असं कसं समजायचं की घरच्यांना काही काळजी आहे? मी वंदनाकडे पाहिलं. तिने अगदी हळू मान हलवली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "फुई, नको सांगू."

ते तीन शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. तिथे अहिराणी कुणाला येत नव्हती. पण सगळ्यांना कळलं की सांगण्यासारखं काही तरी आहे.

आणि मी सांगितलं. सुरुवात गुजरातीत केली, मध्येच गुजराती संपली आणि मराठी आली. "साहेब, हिचा बाप आला तर तुमच्या फाटकातूनच त्याला उचलून न्यावं लागेल. दुपारचा शुद्धीत नसतो तो. बारा वर्षं झाली. ह्या वासापासून पळून पोरगी तुमच्याकडे आली, आणि तुम्ही हिच्या खाटेखाली तोच वास शोधताय."

वंदनाने ओढणीचं टोक सोडलं. ते लोंबत राहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसलेला पुन्हा पुसला. रेक्टरबेन डब्याकडे बघत होती. तिला मराठी अक्षरं वाचता येत असावीत, सुरतेत पुष्कळांना येतात. तिने विचारलं, "आ नामदेव, एज?" म्हणजे, हा तोच का. मी म्हटलं, हाच. तिने दोन बोटांनी डबा फिरवला आणि ते नाव भिंतीकडे केलं.

मग खणातून हॉल तिकीट काढून टेबलावर ठेवलं. अट एकच, मुलीने आज संध्याकाळच्या आत होस्टेल सोडावं. कुणाला विचारायचं झालं तर खोकला वाढला म्हणून घरी नेली. हमीपत्रावर वडिलांच्या जागी मी सही केली. माझी सही अशी कधी कुठल्या ऑफिसात लागली नव्हती. लीलाबाई लिहिताना लीच्या वेलांटीचा शेपटा रेघेबाहेर गेला. साहेब काही म्हणाले नाहीत. रमीलाने डबा बाहेर नेऊन गुलमोहराखाली रिकामा केला, नळावर धुतला आणि माझ्या पिशवीत घातला. जाताना कानात म्हणाली, बेन, हुं ना बोलती तो सारुं, मी बोलले नसते तर बरं झालं असतं. मी तिला काय दोष देणार? ज्याने त्याने आपल्याला ठाऊक होतं ते सांगितलं होतं.

त्या दिवसापासून शेवटच्या पेपरापर्यंत वंदना माझ्या खोलीत राहिली आणि माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवतेस? हो. दिवा हवा? नको. एवढंच. भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचायची, पलीकडे लूम खडखडायचे, आणि मी श्वास सुद्धा जपून घ्यायची. आमच्या ह्यांनी तेवढे दिवस विडीसुद्धा बाहेर जाऊन ओढली. शेजारणी विचारायला यायच्या, त्यांना मी दारातूनच वाटेला लावायची. पोरीचं वर्ष वाचलं होतं, मग मांडणीवरचा तो डबा मला का बघवत नव्हता? मला वाटायचं, मी डबा उघडला नाही, माझा भाऊ उघडा केला. परक्या माणसांच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवून. ज्याने टपोरं फूल माझ्या तोंडात घातलं त्याला.

पेपराला निघताना मी उंबऱ्यात तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवायची. ती घ्यायची. माझ्याकडे न बघता चाटायची, हात धुवायची, जायची. तिन्ही पेपरांना असंच. शेवटच्या दिवशी बॅग घेऊनच निघाली. पाया पडली, पण पाया पडताना खाली बघायचंच असतं, त्यामुळे तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही. ती गेल्यावर मांडणीवर पाहिलं तर नानाचा डबा राखेने घासून पालथा घातलेला. इतका घासला होता की कोरलेल्या अक्षरांमधलं काळं निघून गेलं होतं. नाव हाताला लागायचं, डोळ्यांना दिसत नव्हतं.

ती पास झाली. पुढे बी.एड. केलं, बारडोलीजवळ शाळेत लागली, लग्न स्वतःच्या पसंतीने केलं. नाना गेला तेव्हा शेवटचे दोन महिने त्याला तिनेच सांभाळलं. आम्ही पुन्हा बोलायला लागलो, सणवार झाले, तिच्या बाळंतपणाला मीच होते. पण त्या शनिवाराबद्दल एक शब्द नाही. चैत्र यायचा, जायचा.

परवा लाडू घेऊन घरी आले आणि डबा काढला. लाडू त्यात ठेवले, आणि तिला फोन लावला. तिच्या मुलीची बारावी चालू आहे. मी म्हटलं, मोहाचे लाडू मिळाले, पाठवू का पोरीला? ती हसली. म्हणाली, पाठव, पण भिजवायला सांगू नकोस. मग मीही हसले, आणि हसता हसता विचारून टाकलं. इतकी वर्षं जिभेवर होतं.

"वंदना, तू नको म्हणाली होतीस. तरी मी सांगितलं. अजून राग आहे?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केलेला ऐकू आला. म्हणाली, "फुई, मी नको म्हणाले, आणि मनातून वाट बघत होते की तू सांगशील. तू तोंड उघडलंस तेव्हा मला हायसं वाटलं. पप्पांना असं विकून हायसं वाटलं, त्याचा राग होता. तो तुझ्यावर काढला."

मग तिनेच विचारलं, डबा कुठला पाठवतेस? मी म्हटलं, तोच.

"मग दुकानात नेऊन नाव परत कोरून घे," ती म्हणाली. "माझ्याच हाताने गेलंय. आणि या खेपेला तुझं मोठं काढायला सांग."

काल नेला होता. उधन्यात आता हाताने कोरणारे राहिले नाहीत, मशीनने लिहितात. दुकानातल्या मुलाने विचारलं, माजी, काय लिहायचं? मी अंगठा फिरवून जुनी अक्षरं त्याला दाखवली. म्हटलं, हेच, ह्याच्यावरूनच चालव. दोन्ही नावं. आकार बदलू नकोस.